‘या’ म्हणायचं नव्हतं

१

माणूस घरी आला की ओटीवर खाकरतो. त्याच्या घशात काही अडकलेलं नसतं. आत सून असते, तिला डोक्यावर पदर घ्यायला तेवढा वेळ मिळावा, म्हणून आधी खाकरायचं, मग चपला काढायच्या, मग उंबरा ओलांडायचा. डोळखांबच्या वरच्या अंगाला सतरा घरांचा एक पाडा आहे. तिथली जुनी माणसं अजून असं करतात.

त्या पाड्यातली रविना आठ वर्षांची होती, तेव्हाची ही गोष्ट. पाड्यावर विजेचे खांब आले होते आणि तारा यायच्या होत्या, ते साल. रविनाला पाड्यातल्या सगळ्या पुरुषांचं खाकरणं ओळखता यायचं. तिचा आजा यमाजी दोनदा खाकरायचा. पहिलं मोठं, आणि मागून त्याची शेपटी असावी तसं बारीक. बाप भगीरथ एकदाच, तेही घाईत. शेजारचा रघू खाकरता खाकरता हसायचा, कारण आपण असं करतो याची त्याला स्वतःलाच लाज वाटायची.

आणखी एक खाकरणं तिने ऐकलं, ते एकदाच. कोरडं, सावकाश, फार लांबून चालून आलेल्या म्हाताऱ्यासारखं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण ते कानावर पडायच्या आधी दोन-तीन आठवडे रविना ते बघत होती. घरातल्या माणसांच्या अंगावर बघत होती.

२

त्या घरात बोलणं कमी. भांडण नव्हतं, फक्त सवय नव्हती. पाड्यातली ठकी म्हातारी म्हणायची, “यमाजीच्या घरात कोंबडा तेवढा बोलतो. बाकीचे सगळे मान हलवतात.”

पण रविनाला काही अडत नसे. आजाने तंबाखूची चंची सोडली आणि तंबाखू न काढता पुन्हा बांधली, की त्याला चहा हवा. बापाने भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, की कालवणात मीठ जास्त झालंय, पण तो ते बोलणार नाही. आई, प्रेमा, मुरबाडकडची. तिने तवा चुलीवरून उतरवताना आपटला, तर ती चिडलेली. अगदी हळू ठेवला, तर रडून आलेली. रविना हे सगळं वाचायची, आणि कोणी मागायच्या आत चहाचं आधण ठेवायची.

दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो खाली रस्त्यावर यायचा. आईबाप कल्याणकडे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडाला परत. रविना दर साली त्यांच्याबरोबर जायची. गेल्या साली धाकटा भाऊ नितीन झाल्यावर त्यालाही सांभाळायची, आणि रात्री झोपडीत आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. भट्टीची धूळ, धूर, काही असो, आईचा दंड होता तर रविनाला बाकीचं चालायचं. त्या साली शाळेचे गुरुजी घरी येऊन म्हणाले, “पोर हुशार आहे. हिला नका नेऊ. आजोबांपाशी ठेवा.”

कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गुरुजी पाणी पिऊन गेले. रविनाला राहायचं नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत राहिली. आई उठली, वळणीवरचा रविनाचा फुलाफुलांचा फ्रॉक काढला, आणि न्यायच्या गाठोड्यात आपल्या लुगड्याच्या घडीखाली सारला.

रविनाला तेवढं पुरे झालं. ती जाणार होती.

३

नवरात्र उठलं. भात कापून खळ्यावर आलं. त्या दिवसांतलं ऊन डोळ्यांना खुपतं. एका दुपारी जेवणं झाल्यावर सगळे घरात होते. आजा आतल्या खाटेवर पडला होता. बाप कुडाच्या भिंतीला टेकून विळ्याला धार लावत होता. नितीन झोळीत. आई चुलीपाशी दाराकडे तोंड करून तांदूळ पाखडत होती, आणि रविना तिच्यापुढे बसून खडे वेचत होती.

सूप थांबलं.

आईचा हात मानेमागे गेला. पदराचा काठ चाचपला. पदर डोक्यावर आला, आणि ती भिंतीकडे तोंड करून अर्धी वळली. सासरा बाहेरून आला की ती अशीच वळायची.

रविनाने दाराकडे बघितलं. दारात उन्हाचा चौकोन पडला होता. त्यात कोणी नव्हतं. सासरा तर खाटेवर होता.

“आये, कोन आला?”

“कोन नाय. खडे बघ.”

“मंग पदर कशाला घेतला?”

“ऊन येतंय डोळ्यांवर.”

ऊन आईच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. तोंड सावलीत होतं. रविनाला आणखी एक गोष्ट कळली. बापाच्या हातातल्या विळ्याचा आवाजही थांबला होता. बराच वेळ थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, पण आता बाप विळ्याकडे बघत नव्हता. दगड नुसताच पात्यावरून फिरत होता.

रविना उठून ओटीवर गेली. ओटी सकाळीच सारवलेली, अजून जराशी ओलसर. त्यावर कोंबडीच्या पायाचे ठसे होते. माणसाचे नव्हते. म्हणजे कोणी आलं नव्हतं, आणि आई म्हणते ते खरं. तिने स्वतःला असं समजावलं आणि परत येऊन खडे वेचायला बसली. आईच्या डोक्यावरचा पदर अजून तसाच होता.

४

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज उन्हाचा चौकोन आईच्या गुडघ्याशी आला, की तिचा हात मानेमागे जाई.

पाचव्या दिवशी आजा उठला.

हे लहान वाटेल, पण यमाजी कोणासाठी उठत नसे. जंगलखात्याचा गार्ड आला तरी तो खाटेवरूनच “बसा सायेब” म्हणायचा आणि गुडघ्याचं निमित्त सांगायचा. गार्ड गेल्यावर त्याच गुडघ्यांनी पळत जाऊन कोंबडी हाकलायचा. त्या दुपारी आईने पदर घेतला, आणि थोड्या वेळाने आजा खाटेवर उठून बसला. पाय खाली सोडले. धोतर नीट केलं. मग उभा राहिला, खाटेवरची गोधडी हाताने सारखी केली, आणि चार पावलं मागे सरकून जमिनीवर बसला. म्हातारा माणूस, हात टेकत टेकत बसला.

खाट रिकामी राहिली.

रविनाने बापाकडे बघितलं. बापाचे डोळे दाराशी होते. मग ते सरकले. उंबऱ्यावरून आत आले, चुलीपाशी थांबले, पुन्हा सरकले, आणि खाटेवर येऊन टेकले. कोणी समोरून हळूहळू चालत गेलं, की आपले डोळे त्याच्या मागे जातात, तसे. आईने डोळे उचललेच नाहीत. पण बापाची नजर चुलीपाशी थांबली, तेव्हा आईचा खांदा आत ओढला गेला. गर्दीत कोणी घासून जाऊ लागलं की बाई अंग चोरते, तसा.

रविनाला काही दिसलं नव्हतं, काही ऐकू आलं नव्हतं. तरी आता ते कुठे आहे, हे तिला नेमकं सांगता आलं असतं.

त्यानंतर ती रोज तसंच करू लागली. दाराकडे बघायचं नाही. माणसांकडे बघायचं. बापाचे डोळे, आजाचे खांदे, आईचा पदर. ते आलं, ते चुलीशी थांबलं, ते बसलं. ते उठून गेलं, की बाप घशातून श्वास सोडायचा आणि आजा चंची काढायचा. त्याची बोटं गाठ सोडताना चुकायची.

५

तिने ठकी म्हातारीला विचारलं. ठकी अंगणात अंबाडीची दोरी वळत बसली होती.

“ठकीआजे, पाड्यात आमच्या आजापेक्षा मोठं कोन हाय?”

“मी हाय ना! तुझा आजा उघडा फिरत व्हता तवा मी लगीन होऊन आली. पन तो कबूल करील का? मेला वय चोरतो.”

“मंग तू आली की आजा खाटेवरून उठतो का?”

“तो कशाला उठतो? मीच उभी ऱ्हाते खांबासारखी. विजेच्या तारा आल्या की माझ्यावरच बांधतील बघ.” ठकी आपल्याच बोलण्यावर हसली.

“मंग दुपारी तो कोनाला उठतो?”

ठकीच्या हातातली दोरी थांबली.

“उठतो?”

“रोज उठतो. खाट मोकळी करतो आन खाली बसतो.”

ठकीने दोरीचा पीळ बोटात धरून ठेवला. सोडला असता तर उलगडला असता. “आन तुझी आय पदर घेते?”

पदराचं रविनाने काहीच सांगितलं नव्हतं.

“घरी जा गो पोरी,” ठकी म्हणाली. “आन ऐक. कोनी कायबी केलं, तरी तू आपली मान खाली घालून बस. वर बघू नको. काय?”

“व्हय.”

“जा.”

ठकीने एवढंच सांगितलं. त्याच्यापुढे अजून एक वाक्य होतं. ते तिच्या तोंडाशी आलेलं रविनाने बघितलं, ओठ तसे उघडलेही, पण ठकीने ते गिळलं. मोठी माणसं अशी असतात. ज्याची भीती वाटते त्याचं नाव काढत नाहीत, आणि पोराला अर्धंच सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून ठकी विहिरीवर जाताना त्यांच्या अंगणातून जाईना. पलीकडच्या बांधावरून, काट्यांतून जाऊ लागली.

६

रविना विचार करू लागली. तिने जे वाचलं होतं, त्याचा तिच्या परीने अर्थ लावला.

पदर कोणासमोर घेतात? मोठ्या माणसासमोर. खाट कोणाला सोडतात? मोठ्या माणसाला. म्हणजे येतं ते घरातलंच कोणी मोठं माणूस आहे. आजापेक्षाही मोठं. ते आपल्याला दिसत नाही, पण आपल्याला पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत. मग त्याच्याशी कोणी बोलत का नाही? गार्डाला पाणी देतात, मुकादमाला देतात, याला साधं ‘या’ सुद्धा कोणी म्हणत नाही.

तिला एकच उत्तर सापडलं. अबोला.

अबोला तिला ठाऊक होता. गेल्या साली बांधावरच्या आंब्याची फांदी तोडण्यावरून आजा आणि बाप बावीस दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. बाप आला की आजा सरकून जागा द्यायचा, आजाचं ताट आल्याशिवाय बाप घास उचलायचा नाही. मान सगळा होता, शब्द तेवढा नव्हता. अबोला मोठ्यांनी मोडायचा नसतो, मोडला तर त्यांची मान खाली जाते. ते काम लहान पोराचं. तेविसाव्या दिवशी रविनानेच पाण्याचा तांब्या आजापुढे ठेवला होता आणि खोटंच म्हणाली होती, “बा म्हनतो, आजाला पानी दे.” आजाने तिच्याकडे बघितलं होतं, बापाकडे बघितलं होतं, आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला होता, “चहाटळ पोर हाय भगीरथा तुझी.” झाला अबोला खलास.

आताही तसंच असणार. आणि तो मोडायला हवा होता. कारण आई अलीकडे गाठोड्याकडे बघत नव्हती. टेम्पो आठ दिवसांवर आला होता, आणि गाठोडं कोपऱ्यात अर्धं उघडं पडलं होतं. आई भाकरी थापता थापता थांबायची. नितीन रडला तरी तिला ऐकू यायचं नाही. घरातलं हे एक बिनसलेलं नीट झालं, की आई पुन्हा पहिल्यासारखी होईल, गाठ मारेल, आणि आपण जाऊ, असं रविनाच्या मनाने घेतलं.

७

झोडणीचा शेवटचा दिवस होता. आई, बाप, आजा, तिघेही खळ्यावर. भारे आपटल्याचा धप्प, धप्प आवाज घरापर्यंत येत होता. रविना नितीनची झोळी हलवत घरात एकटी होती. नितीनला दात येत होते, तो सारखा किरकिरत होता.

उन्हाचा चौकोन सरकत सरकत आला.

ओटीवर कोणी खाकरलं.

तिने ते पहिल्यांदा ऐकलं. कोरडं. सावकाश. अदबीचं. घरात बाईमाणूस आहे हे जाणणाऱ्या माणसाचं. पण त्याच्या मागून चपला काढल्याचा आवाज आला नाही, काठी टेकल्याचा आला नाही. ओटीवर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या गप्प झाल्या. खळ्यावरचे धप्प, धप्प चालूच होते, पण ते आता फार लांबून आल्यासारखे वाटत होते.

रविनाला पळून जावंसं वाटलं. पण झोळीत नितीन होता, आणि दार एकच होतं. आणि ज्या कामाचा इतका विचार केला, ते काम समोर येऊन उभं होतं. तिने ठकीने सांगितल्यासारखी मान खाली घातली. भिंतीला टेकवून ठेवलेला पाट घेतला, चुलीपासून थोड्या अंतरावर मांडला. तांब्यात पाणी भरून पाटाशेजारी ठेवलं. मग गुरुजी आले तेव्हा आई म्हणाली होती तशा आवाजात म्हणाली,

“या.”

काही झालं नाही.

ती झोळीपाशी परत आली आणि दोरी धरली. दाराकडे बघायचं नव्हतं. पाटाकडे बघायचं नव्हतं. तिने सवयीप्रमाणे माणसाकडे बघितलं, आणि घरात माणूस एकच होता. नितीन.

नितीनची किरकिर थांबली होती. त्याचे डोळे दाराशी होते. ते उंबऱ्यावरून आत आले. चुलीपाशी या वेळी थांबले नाहीत. पाटापाशी आले. मग झोळीकडे येऊ लागले, आणि येता येता वर चढू लागले. माणसाच्या तोंडाएवढे वर गेले, तिथे थांबले नाहीत. आणखी वर. मान मागे टाकून टाकून नितीन शेवटी आढ्याकडे बघू लागला, तिथे जे वाकलेलं होतं त्याच्याकडे. आणि त्याने दोन्ही हात वर केले. मला घे, असं म्हणताना करायचा तसे.

“नको,” रविना म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज निघालाच नाही. तिने झोळी ओढून पोटाशी धरली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा कोंबड्या पुन्हा ओटीवर दाणे टिपत होत्या. नितीन झोपला होता. तांब्यातलं पाणी होतं तेवढंच होतं. आपण उगाच घाबरलो, असं म्हणत ती पाट उचलायला गेली.

पाट गरम होता. माणूस नुकताच उठून गेल्यावर असतो तसा.

तिने तो पुन्हा खाली ठेवला.

८

तिघं परत आली तेव्हा पाट आणि तांब्या तिथेच होते. आई पुढे होती. तिच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा होता. उंबऱ्यातच तिची नजर पाटावर गेली, आणि भारा खाली आला. तिने टाकला नाही, तिच्या मानेतलं बळच गेलं.

“पाट कोनी मांडला?”

“मी.”

“कोनाला?”

“ते येतात ना दुपारी, त्यांना. कोनी पानीबी देत नव्हता.” मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघत रविना घाईघाईने म्हणाली, “मी अबोला मोडला.”

बाप पुढे आला. “तोंडानं काय बोललीस? बोललीस का काय?”

“‘या’ म्हनलं.”

रविनाला वाटलं, आता मार बसणार. बापाचा हात उठलाही. पण तो अर्ध्यात थांबला आणि त्याच्याच छातीवर परत गेला. कोणी रागावलं नाही. कोणी ओरडलं नाही. तिला मार बसला असता तर बरं झालं असतं. मार म्हणजे चूक केली आणि फिटली. इथे काही फिटत नव्हतं.

आजा भिंत धरून खाली बसला. त्याने तिला जवळ बोलवायला हात पुढे केला, आणि तो हातही मध्येच थांबला.

“आजा, तू उठायचास ना त्यांना? आय पदर घ्यायची. मोठं मानूस हाय म्हनून ना?”

“मान नव्हता गो तो, पोरी,” आजा म्हणाला. “आमी भ्यायचो.”

रविना त्याच्याकडे बघत राहिली. भीतीचा पदर आणि मानाचा पदर एकाच हाताने, एकाच काठाला धरून घेतात. तिला तो वेगळा कसा कळणार होता?

९

त्यानंतर दुपारी कोणी येईना. उन्हाचा चौकोन आईच्या गुडघ्यापर्यंत यायचा, पुढे जायचा, आणि आईचा हात सुपावरच राहायचा. बापाचे डोळे दाराकडे जाईनात. रविनाला एक दिवस वाटलं, झालं, सगळं नीट झालं.

दुसऱ्या दिवशी ती पाणी घेऊन बाहेरून आली. उंबऱ्यात पाय ठेवला, आणि आईचा हात मानेमागे गेला.

रविनाने मागे वळून बघितलं. मागे ओटी, अंगण, त्याच्यापलीकडे विजेचा खांब. कोणी नव्हतं.

“आये, मी हाय.”

“व्हय गो,” आई म्हणाली. तोंड भिंतीकडे होतं.

ती खाटेजवळ गेली की आजा उठू लागला. एकदा तिने त्याचा सदरा धरून त्याला बसवायचा प्रयत्न केला, तर म्हातारा थरथरायला लागला, तेव्हा तिनेच हात सोडला. नितीनला आता आई खळ्यावर, विहिरीवर, सगळीकडे कमरेवर घेऊन जायची. झोळीची दोरी रविनाच्या हाती येऊ द्यायची नाही. जेवायला बसले की सगळ्यांची ताटं एका बाजूला, आणि रविनाचं समोर. तिच्या ताटात भात जास्त वाढलेला असायचा. सगळ्यांच्या आधी वाढलेला असायचा.

ती त्यांच्या नजरा वाचायची. आधी त्या तिच्या मागे, वर, कुठेतरी असायच्या. एकदा आई चुलीशी होती आणि नितीन जमिनीवर खेळत होता, तेव्हा रविनाने पाठ कुडाच्या भिंतीला घट्ट लावली. डोकं, खांदे, टाचा, सगळं लावलं. मागे बोटभरही जागा ठेवली नाही. आता बघू कुठे बघतो, असं म्हणून तिने नितीनला चुटकी वाजवून बोलावलं.

नितीनने मान वर केली. या वेळी त्याचे डोळे आढ्याकडे गेले नाहीत. ते सरळ तिच्या तोंडावर आले, तिथे थांबले, आणि बराच वेळ हलले नाहीत. तो हसला. मग त्याने दोन्ही हात वर केले.

आई धावत आली आणि त्याला उचलून बाहेर घेऊन गेली.

रविना भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्या हातांकडे बघितलं. तिचेच होते. विळ्याचा जुना व्रण अंगठ्यावर होता. तिने तो दाबून बघितला.

१०

टेम्पो आला तो सकाळचा. खाली रस्त्यावरून हॉर्न वाजत होता. पाड्यातली चार घरं निघाली होती.

गाठोडं बांधलेलं होतं. फुलाफुलांचा फ्रॉक वळणीवर लटकत होता.

“मी येते,” रविना म्हणाली. “आये, मी भट्टीवर पानी भरीन. नितीनला हात नाय लावनार. लांब झोपीन.”

बापाने गाठोडं डोक्यावर घेतलं. “शाळा हाय ना तुझी,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “गुरुजी म्हनाले, हुशार हाय.” उभ्या जन्मात त्याने शाळेचं नाव काढलं नव्हतं. “आजा हाय सोबतीला.”

आजा ओटीच्या कोपऱ्यात, जमिनीवर बसला होता. तो राहणार होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, त्याने आपण होऊन आपली गोधडी काढून ओटीवर आणून टाकली होती. त्याने रविनाकडे बघितलं नाही, पण मान हलवली. मी हाय गो, असं त्या हलण्यात होतं. पोटच्या पोरीला आईबाप सोडून जात होते, आणि तो म्हातारा, सगळ्यात जास्त भ्यालेला, तिथेच बसून राहिला होता.

घराबाहेर पडताना सुनेने मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. आईने नितीनला बापाकडे दिलं. ती आजाच्या पाया पडली. मग उठली आणि ओटीच्या खांबाशी उभ्या असलेल्या रविनाकडे आली.

रविनाला धुराचा, शेणाचा, आईचा वास आला. ती म्हणाली, “आये, मी कोनालाच ‘या’ म्हननार नाय. कधीच नाय म्हननार.”

आईची हनुवटी हलू लागली. ती वाकली. रविनाने तिच्या गळ्यात टाकायला दोन्ही हात पुढे केले. पण आई तिथे थांबली नाही. ती आणखी खाली वाकली, गुडघे टेकले, आणि आपलं कपाळ रविनाच्या पायांवर ठेवलं.

आठ वर्षांच्या पोरीच्या पायांवर. बोटांवर ऊन ऊन पाणी पडलं. रविनाचे हात तसेच हवेत राहिले.

“आये,” ती म्हणाली. “आये, बोल ना.”

खाली हॉर्न वाजला. आई उठली. तिने पदराने तोंड पुसलं, बापाच्या हातून नितीनला घेतलं, त्याने मागे वळून बघू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला, आणि उतारावरून खाली चालू लागली.